विहीणबाईंची झडती

खडकी,
२८ नोव्हेंबर १९८३

माननीय विहीणबाई नसीमबानू यांस मकबूलचा सलाम.

आपली आणि माझी नात चांद, वय वर्षे पाच, काल रविवारी सकाळी साडेदहा वाजता सुखरूप पोचली. तिच्या दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूस, गुडघ्यांमागे आणि मानेवर इसब आहे. ते येतानाच होते याची नोंद घ्यावी. नंतर वाद नको.

माझ्या शकीलाला मुलगा झाला त्याला आज बारा दिवस झाले. चाळीस दिवस पुरे होईपर्यंत ती आपल्या घरातून हलणार नाही, आणि जावई पनवेलच्या नोकरीवरून पंधरा दिवसांनी एकदा येतात. तेव्हा चांदबद्दलचा पत्रव्यवहार आपल्या दोघांतच करावा लागेल. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांचे म्हणणे असे, की आपल्या घराखाली गाद्यांचा कारखाना आहे, कापूस पिंजताना उडणारी धूळ पोरीच्या कातडीला सोसत नाही, तिला महिनाभर दुसरीकडे ठेवून पाहा. हे त्यांचे म्हणणे आहे. माझे मत मी विचारल्याशिवाय सांगत नाही.

आपण निर्धास्त असावे. दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षे मी दारूखान्याच्या फाटकावर झडती घेतली आहे. आत जाणाऱ्याच्या खिशातून काडेपेटी, बिडी, किल्ल्या काढून घ्यायच्या, पायातले जोडे बाहेर ठेवून आतले जोडे द्यायचे. माझ्या फाटकातून कधी एक काडी आत गेली नाही. इसब म्हणजे त्याच जातीचे काम दिसते. आत काय जाऊ द्यायचे नाही एवढे बघितले की झाले.

डॉक्टरांनी दिलेला छापील कागद मी आल्या आल्या दाराशेजारच्या भिंतीला खळ लावून चिकटवला. हातातला कागद हरवतो, भिंत हरवत नाही. त्यात टाळायच्या चौदा गोष्टी आहेत: लोकर, धूळ, कापूस भरलेली खेळणी, अत्तर, उदबत्ती, पाळीव जनावरे वगैरे. त्यानुसार आपण सोबत दिलेली गोधडी, लोकरीचा स्वेटर, बाहुली आणि अत्तराची कुपी परत पाठवत आहे. मलमाच्या डबीबद्दल खात्री वाटेना, ती फाटकावर जमा ठेवली आहे. दूधवाले दत्तोबा पेंड आणायला पेठेत येतात, सामान त्यांच्याकडे दिले आहे. फाटक म्हणजे माझ्या आतल्या खोलीचा उंबरा. त्यावर तांबडी रेघ ओढली आहे.

महिन्यात गुण आला तर जूनपासून तिला इथल्याच शाळेत घालावे असे मी सुचवणार आहे. पण ते महिना झाल्यावर.

आपला,
मकबूल


नारायण पेठ,
१ डिसेंबर १९८३

मकबूलभाईंना नसीमबानूचा सलाम.

माल पोचल्याची पावती मिळाली. परत पाठवलेला मालही मिळाला. सगळं बरोबर आहे, फक्त बाहुलीचा एक डोळा दत्तोबांच्या पेंडीच्या पोत्यात राहिला. तो आता त्यांच्या म्हशीकडून मागवावा लागेल.

तुम्ही विचारल्याशिवाय मत सांगत नाही हे वाचून बरं वाटलं. शकीलाच्या लग्नात बिर्याणीत मीठ कमी आहे हे तुम्हाला कोणी विचारलं होतं ते आठवत नाही, पण विचारलं असेल कोणीतरी.

गाद्यांचा धंदा आमच्या घरात चार पिढ्यांचा आहे. निम्मं पुणं आमच्या गादीवर झोपतं, आणि कोणी खाजवत उठल्याची तक्रार अजून आलेली नाही. पोरीला उष्णता आहे. हे मी दोन वर्षं सांगते आहे. पण डॉक्टरांच्या भिंतीवर सर्टिफिकिटं आहेत आणि माझ्या भिंतीवर कापूस आहे, तेव्हा माझं कोण ऐकणार. शकीलाची हालत बघून मी गप्प बसले एवढंच.

महिना म्हणजे महिना. सत्तावीस तारखेला पोरगी परत इकडे. शाळेचं तुम्ही सुचवणार आहात ते सुचवायचे कष्ट घेऊ नका.

चांद बाहुलीशिवाय झोपत नाही. तिला काय देऊन झोपवता ते कळवा. येत्या रविवारी मी येते आहे. नातीला भेटायला आधी अर्ज करतात असं आमच्या पेठेत तरी नाही, पण तुम्ही फाटकावरचे, म्हणून कळवते.

नसीमबानू


खडकी,
५ डिसेंबर १९८३

माननीय विहीणबाई यांस सलाम.

काल आपल्याला पडलेल्या तसदीबद्दल दिलगीर आहे. पण नियमाला विहीण आणि परकी यांतला फरक कळत नाही. मी आमच्या मोठ्या साहेबांचीही झडती घेतलेली आहे. त्यांच्या खिशात चार लवंगा निघाल्या, त्या काढून ठेवल्या आणि सुटीच्या वेळी मोजून परत दिल्या.

आपली झडती शेजारच्या हेमाताईंनी घेतली, मी पाठ करून उभा होतो. कानात अत्तराचा फाया, केसांना वासाचे तेल, खांद्यावर लोकरीची शाल आणि साडीवर कापसाचे सतरा तंतू निघाले. तंतू हेमाताईंनी मोजले, माझा त्यात हात नाही. म्हणून आपल्याला माझा कामावरचा सुती डगला घालायला दिला आणि डोक्याला रुमाल बांधायला सांगितला. तांबड्या रेघेच्या अलीकडून आपण पाऊण तास बोललात. पहिल्या भेटीला एवढी सवलत पुष्कळ झाली.

दत्तोबांची घोंगडी मी रोज बाहेरच ठेवून घेतो. परवा ते म्हणाले, “म्या दूध घालाया येतूय का जेलात येतूय?” मी त्यांना भिंतीवरचा कागद दाखवला. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे ते नियम पाळतात.

आपण झोपेबद्दल विचारले होते. बाहुलीऐवजी स्टीलचा डाव दिला आहे. त्यावर धूळ बसत नाही आणि उकळून घेता येतो. चांदने त्याचे नाव अख्तरबानू ठेवले आहे. रोज झोपताना अख्तरबानूला थंडी वाजते म्हणून ती तिला रुमालात गुंडाळते. रुमाल सुती आहे, मी हरकत घेतली नाही.

स्वच्छतेत कसूर नाही. दिवसातून तीन वेळा बंब तापवून कडकडीत पाणी काढतो आणि लाल कार्बोलिक साबणाने अंग चोळतो. दारूखान्यातून बाहेर पडताना आम्ही हाच साबण लावत असू. कातडीवर काहीही शिल्लक राहत नाही.

आपला,
मकबूल


नारायण पेठ,
८ डिसेंबर १९८३

मकबूलभाईंना सलाम.

पुण्यात पाहुण्याला पाणीसुद्धा विचारत नाहीत अशी बाहेर आपली ख्याती आहे. पण पाहुण्याला डगला घालून उभं करायचं हे तुम्ही नवीन काढलंत. डगल्यावर बिल्ला होता, चारशे बारा. घरी येऊन शकीलाला सांगितलं तर ती टाके विसरून हसली, आणि आता मला चारशे बारा म्हणते. दुपारी हाक येते, “चारशे बारा, बाळ उठलं.” साठाव्या वर्षी मला नवीन नाव मिळालं याबद्दल आभार.

आता हसण्यापलीकडचं लिहिते. चांदनं रेघेपलीकडून मला हात दाखवले. घरून निघाली तेव्हा कोपरं लाल होती. आता मनगटापर्यंत लाल आहेत. इसब कुठे कुठे आहे ते तुम्हीच पहिल्या पत्रात लिहून घेतलं होतंत, वाद नको म्हणून. त्यात मनगट नव्हतं. पोरगी तुमच्यासमोर खाजवत नाही. तुम्ही दूध मापून घ्यायला वळलात, तेवढ्यात तिनं दोन्ही मनगटं दाराच्या चौकटीवर घासली आणि माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं. पाच वर्षांच्या मुलीला असं लपवायला कोणी शिकवलं, मी नाही.

तुमच्या त्या फाटकातून काहीतरी आत जातं आहे. शोधा. नाहीतर सत्तावीस तारखेची वाट न बघता मी तिला घेऊन येईन, मग तुमचे साहेब आडवे येऊ देत की लवंगा.

नसीमबानू


खडकी,
१४ डिसेंबर १९८३

माननीय विहीणबाई यांस सलाम.

आपल्या पत्रावरून कसून तपास केला. पडदे काढले. कॅलेंडर काढले, त्याच्या मागे धूळ सापडली. रेडिओ हेमाताईंकडे नेऊन ठेवला, त्या आता नको ती स्टेशने लावतात. शेजारची मांजर भिंतीवरून जाते, तिला दुसरी वाट घ्यायला लावली. मांजर आमची नाही, त्यामुळे तिच्यावर माझा अधिकार किती हा प्रश्न आहे, पण सध्या ती ऐकते.

दाढी काढली. चाळीस वर्षांची होती. पोरीला जवळ घेताना तिच्या गालाला लागत असेल अशी शंका आली. कागदात दाढी नाही, पण लोकर आहे, आणि मी स्वतःशी वाद घातला नाही. हेमाताईंनी मला ओळखले नाही आणि दारातच अडवले. बाईंची तयारी चांगली झाली आहे.

रविवारपासून मी व्हरांड्यात राहायला गेलो. माझ्याच अंगावरून काही आत जात असेल तर तेही थांबावे. जेवण आणि अंघोळ सोडली तर मी आत जात नाही, आणि जातो तेव्हा आरशासमोर उभा राहून आधी स्वतःची झडती घेतो. गोष्टी खिडकीतून सांगतो. खोलीत आता चांद, लोखंडी खाट, सुती चादर आणि अख्तरबानू एवढेच आहे. इतकी रिकामी खोली मी कारखान्यातही पाहिली नव्हती. चांदने विचारले, नाना, मी काय केलं? मी सांगितले, काही नाही, तू आत आहेस म्हणून बाकी सगळे बाहेर आहे. तिला ते पटले असावे, कारण तिने पुढे विचारले नाही.

प्रगती समाधानकारक आहे. अंघोळी तीनाच्या पाच केल्या आहेत. साबण बघून ती रडते, पण रडणे टाळायच्या यादीत नाही.

गेल्या रविवारी बाळाला ताप आला म्हणून आपण आला नाहीत असे दत्तोबांकडून कळले. बाळाला दुवा.

आपला,
मकबूल


नारायण पेठ,
१६ डिसेंबर १९८३

मकबूलभाई,

हे पत्र टपालात न टाकता दत्तोबांच्या हाती देते. हातात पडल्याबरोबर वाचा. आज चांदला साबण लावू नका. बंब पेटवला असेल तर विझवा.

पाच अंघोळी हे मी शकीलाला वाचून दाखवलं. या वेळी ती हसली नाही. मी तशीच उठून सदाशिव पेठेत डॉक्टरांकडे गेले. दीड तास बाकावर बसले, आणि तुम्ही काय काय करता ते त्यांना सांगितलं. फाटक, डगला, डाव ऐकून ते लिहीत राहिले. दाढीला जरा हसले. कडकडीत पाणी आणि कार्बोलिक साबण ऐकलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “आजी, कागदाची मागची बाजू कोणी वाचली नाही का?”

कागदाला मागची बाजू आहे, मकबूलभाई. पुढे काय टाळायचं ते, मागे काय करायचं ते. त्यांनी मला दुसरा कागद दिला, त्यातलं उतरवून देते. अंघोळ दिवसातून एकदा, कोमट पाणी, पाच मिनिटं. साबण सौम्य, तोही फक्त हातापायांना. इसबाच्या जागी साबण नाही आणि चोळायचं अजिबात नाही. पंचानं टिपून घ्यायचं आणि अंग ओलसर आहे तोवर मलम लावायचं, भरपूर. नखं कापलेली ठेवायची. कडकडीत पाण्यानं आणि साबणानं कातडीतलं तेल जातं, कातडी कोरडी पडून फाटते आणि खाज वाढते. हे मी म्हणत नाही, छापलेलं आहे.

मलम म्हणजे तीच डबी, जी तुम्ही फाटकावर जमा केलीत. आयुष्यभर लोकांचे खिसे उलटे करून बघितलेत, एक कागद उलटा करून बघायला तुम्हाला काय झालं होतं? मी आत्ता स्वतः आले असते, पण बाळाचा ताप उतरलेला नाही आणि शकीला एकटी आहे. पोरीचे हात बघून मला खरं खरं लिहा. समाधानकारक वगैरे नको.

नसीमबानू


खडकी,
२० डिसेंबर १९८३

विहीणबाई,

खरे ते लिहितो.

आपले पत्र आले तेव्हा बंब पेटलेला होता. विझवला. मग कागद भिंतीवरून काढायला घेतला. आपल्यावर विश्वास नव्हता असे नाही, पण स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे होते. खळ फार चांगली लागली होती. ओले फडके आणि उलथने घेऊन दीड तास गेला. पुढची बाजू हातात आली आणि मागची भिंतीलाच राहिली, अक्षरे उलटी उमटलेली. हेमाताईंचा हातातला आरसा भिंतीसमोर धरून वाचली. आपण लिहिले आहे तसेच आहे. नखांची ओळ फाटली, बाकी सगळे आहे.

कारखान्यात सूचना भिंतीवर लागलेल्याच बघितल्या. त्यांना मागची बाजू असते हे कधी डोक्यात आले नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. घडले ते सांगतो.

चार दिवस आपण उतरवून दिल्याप्रमाणे करतो आहे. मनगटांची लाली उतरली आहे. कोपरांची कमी आहे. काल ती दुपारी दोन तास न खाजवता झोपली, मी खिडकीशी उभा राहून बघत होतो. व्हरांड्यातून आत राहायला आलो आहे.

विहीणबाई, ते हात लाल होताना मला दिसत होते आणि मी चोळत होतो. पोरगी म्हणायची, “नाना, आग होते.” मी म्हणायचो, म्हणजे साबण काम करतो आहे. हे माझे वाक्य मला आता जेवू देत नाही. ती माझ्यासमोर खाजवत नव्हती, कारण खाजवले की अंघोळ वाढत होती. हे मला आपल्या पत्रातून कळायला हवे होते, आणि मी मांजरीच्या मागे लागलो.

शकीलाची आई गेल्यापासून चार वर्षे या घरात कोणी राहायला आले नव्हते. मी सकाळी उठून पेपर वाचायचो आणि मग संध्याकाळ व्हायची वाट बघायचो. चांद आली आणि मला पुन्हा काहीतरी राखायला मिळाले. तिला गुण यावा असे वाटत होते, आणि गुण माझ्याकडे यावा असेही वाटत होते. जूनच्या शाळेचे त्यासाठीच लिहिले होते. शाळेत जाऊन चौकशीही करून आलो होतो.

आता तो विषय राहिला नाही. रविवारी, पंचवीस तारखेला, तिला घेऊन येतो. सामान फारसे नाही.

मकबूल


नारायण पेठ,
२२ डिसेंबर १९८३

मकबूलभाईंना सलाम.

तिला आणू नका.

परवा बाळाला दाखवायला बाहेर पडले होते, तेव्हा पुन्हा त्या डॉक्टरांकडे डोकावले. मनात एक होतं, ते विचारायचं होतं. म्हटलं, डॉक्टर, पोरीला उष्णता नव्हती का? त्यांनी विचारलं, त्रास कधीपासून आहे? मी म्हटलं, दोन वर्षं. त्यांनी ते कार्डावर लिहिलं. मला रागावून काही बोलले असते तर बरं झालं असतं.

आमच्या घराची एक पद्धत आहे, ती तुम्हाला माहीत नसेल. गिऱ्हाइकाची नवी गादी भरून झाली, की ती दुकानाबाहेर जायच्या आधी घरातलं लहान मूल तिच्यावर लोळवायचं. बरकत येते. तुमचा जावई मेहबूब लोळला, त्याचा बाप लोळला, आणि तीन वर्षांची झाल्यापासून चांद लोळते. लग्नसराईत दिवसाला सहा सहा गाद्या होतात. प्रत्येक गादीवर मी तिला माझ्या हातानं लोळवलं आहे, पिंजण शेजारी चालू असताना. ती कापसानं पांढरी व्हायची आणि हसायची, आणि आम्ही सगळे हसायचो. मग दुपारभर खाजवायची, आणि मी तिला सब्जाचं पाणी पाजायची आणि कानाला अत्तर लावायची, थंडावा म्हणून. डॉक्टर कापूस म्हणाले तेव्हा मला राग आला होता, कारण मला तेव्हाच कळलं होतं.

तुमच्याकडे वीस दिवस चुकलं, माझ्याकडे दोन वर्षं. कमी चुकलेल्याकडे पोरगी राहू दे.

पिंजण इथून हलवायला धायरीकडे एक शेड बघितली आहे. घर झाडून, धुऊन, गाद्या बाहेर नेऊन होईपर्यंत सहा महिने सहज जातील. तोवर ती तुमच्याकडे. शकीलाशी बोलले, ती हो म्हणाली आणि मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडली. चाळीस दिवस झाले की तीही खडकीला येईल. मेहबूबला मी सांगेन. शाळेचा फॉर्म आणून ठेवा.

रविवारी मी येते. अत्तर लावणार नाही, तेल लावणार नाही, शाल आणणार नाही, साडी झटकून नेसेन. पण रेघेच्या अलीकडे बसणार नाही. पोरीला मांडीवर घेतल्याशिवाय मी परत जाणार नाही.

नसीमबानू


खडकी,
२६ डिसेंबर १९८३

माननीय विहीणबाई यांस सलाम.

फॉर्म आणला. पालकाच्या जागी कोणाचे नाव घालायचे ते कळवावे. मी ती जागा कोरी ठेवली आहे.

आज कोमट पाण्याची अंघोळ झाली, मलम लावले. कोपरांच्या आत कातडी मऊ झाली आहे. मी बोट लावून पाहिले, तिने हात मागे घेतला नाही.

काल आपण तिला मांडीवर घेऊन बसलात तेव्हा हेमाताई आणि मी बाहेर गेलो होतो, त्यामुळे आत काय झाले ते मला माहीत नाही. आपण गेल्यावर चांदने विचारले, दादी का रडत होती? मी म्हटले, डोळ्यांत कापूस गेला असेल. ती म्हणाली, “मग नाना, तुम्ही झडती नीट घेतली नाही.”

मी कबूल केले.

आपला,
मकबूल